वेळापत्रकाचं पॅकिंग

३ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या सर्व्हिस स्टेशनला यंदा चाळीस वर्षं होतायत. बाबांनी एक रॅम्प आणि एका उसन्या जॅकवर सुरू केलेला धंदा आता इंजिनं, पंप विकतोही आणि दुरुस्तही करतो. त्याची छोटी पुस्तिका छापतोय. मानाचं पान गिरणीवाल्याच्या इंजिनाला दिलंय. पंचवीस वर्षं झाली, एकदाही उघडलेलं नाही! झाकणाच्या आत माझ्या खुणेचे दोन ठिपके आहेत, हे तुला सांगायला नकोच.

बाबांचा एखादा जुना फोटो असेल तर पाठव. मुलीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो पाठवतेय. त्यात मी नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात होता.

तुझं मानाचं पान वाचून पोटात दुखलं. आडपडदा कशाला, मला तुझा हेवा वाटतो, आजचा नाही, लग्नाआधीपासूनचा. ते इंजिन तू केलंस? तू आठवडाभर तापाने फणफणत पडला होतास आणि गिरणीवाला दारात ठाण मांडून बसला होता. व्हॉल्व्ह मी घासले. तेल गळू नये म्हणून घालायचा पॅकिंगचा कागद संपला, तेव्हा माझ्या वहीचा पुठ्ठा कापून झाकणाखाली बसवला, वरच्या वेळापत्रकासकट.

बाबांनी मात्र पंच घेऊन तुझे दोन ठिपके मारले. ज्याची खूण त्याने, इंजिन परत आलं तर, फुकट करून द्यायचं, हा आपल्याकडचा कायदा. बाबा म्हणाले, ही उद्या लग्न होऊन जाईल, गिऱ्हाइकाने हिला कुठे शोधायचं? मी पाना फेकून घरात निघून गेले होते. तुला यातलं काही ठाऊक नसेल, तर झाकण उघडून बघ.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे, पण आज जरा कमीच.

छोटी

१९ फेब्रुवारी

चि. छोटीस,
आशीर्वाद.

मला ठाऊक होतं. व्हॉल्व्ह तपासायला म्हणून झाकण मी आठ वर्षांपूर्वीच उघडलंय. 'एकदाही नाही' ही शुद्ध थाप.

आत पेन्सिलीने लिहिलेलं होतं, सोमवार, भूमिती. तेलाचा थेंब बाहेर नव्हता. माझी कामं दोन वर्षांत परत येतात आणि जुनी गिऱ्हाइकं मलाच विचारतात, तुमची बहीण हल्ली कुठे असते? माझा नुसता जळफळाट झाला. तुझं पॅकिंग खरवडून काढलं, ते फाटलं, आणि मी विकतचं घातलं. तीन महिन्यांत गळलं. तेव्हापासून पाच वेळा बदललं. खूण माझी, म्हणून प्रत्येक वेळी फुकट. परवा पुन्हा गळलं.

ते पान छापखान्यातून परत मागवलंय. सोबत झाकणाचा छाप कागदावर काढून पाठवतोय. एक पॅकिंग कापून देशील? आणि खूण कुठली मारू?

रागावलीस तरी लिहीत जा.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं वेळापत्रक फाटलं, हे वाचून रडले. पाच वेळा गळलं, हे वाचून मात्र फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

लेकीच्या वहीचा पुठ्ठा कापलाय, ती फुगून बसलीय. बोल्ट एकदम आवळू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. तुला कधीच धीर नव्हता.

तुझे दोन, तर माझी खूण तीन ठिपक्यांची, आणि सरळ रेषेत मार. गळलं तर गिरणीवाल्याला माझा पत्ता दे. मिळेल ती गाडी पकडून येईन आणि फुकट करून देईन.

लोभ पुन्हा भरून पाठवलाय.

छोटी