आशागडच्या प्लॉटवर सुनंदाचं नाव

३ जुलै २०१७, सोमवार
सकाळी आशागडला तलाठ्याकडे. सुनंदाला जाऊन दीड महिना झाला. प्लॉट तिचा, तेव्हा वारस नोंद करून घ्यावी म्हणून मृत्यूचा दाखला आणि तिचं साठेखत घेऊन गेलो. तलाठी मॅडमनी सातबारा काढला. त्यावर बाबूभाईंचंच नाव, ज्यांच्याकडून घेतला त्यांचं. सु.चं कुठेच नाही.
"काका, हे साठेखत आहे. खरेदीखत कुठंय?"
हेच ते, म्हटलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, यात विकीन असं लिहून दिलंय. विकलं, असं नाही. ज्यांचं नावच लागलं नाही, त्यांचे वारस कसे लावू?
छत्री तिथेच विसरलो. परत आत जाववेना.

४ जुलै
साठेखत आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. "मागाल तेव्हा खरेदीखत करून देण्याचे कबूल." सगळे पैसे दिलेले, ताबा घेतलेला. शिक्के, अंगठे, फोटो. यापुढे काही राहिलं असेल असं दोघांनाही वाटलं नाही. लक्ष्मीपूजनाला सु. हा कागद चौरंगावर ठेवायची, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. पाडव्याला परत कपाटात. पहिल्या पानाचा कोपरा लालच झालाय. पूजा दरवर्षी केली, वाचला कुणीच नाही.
फोटोत ती रागावलेली. "चोरासारखी काढलीय मला," म्हणाली होती.

८ जुलै
मीनलचा नाशिकहून फोन. सांगितलं सगळं. "बाबा, बाबूकाका नाही म्हणणार आहेत का? जा ना त्यांच्याकडे. किती लाजायचं माणसानं."
जाईन म्हटलं.

२३ जुलै, रविवार
बोर्डी. बाबूभाई ओट्यावर आरामखुर्चीत. पाय सुजलेले, दम लागतो. सु.चं कळलं नव्हतं त्यांना. मग कागदाचं सांगितलं.
"तुमी ऑफिसात कागद सांभाळला सगळी जिंदगी, जयंतभाई, आणि घरचा कागद नाय बघितला? मी पण नाय बघितला. बेन पण नाय बोलली." हसले, मग खोकला. "माप घेतला तेव्हा टेप बेननी धरली होती. तुमी सावलीत हुभे."
खरं आहे. ऊन फार होतं.
करून देतो म्हणाले, एका पायावर. निघताना त्यांचा मुलगा जिग्नेश फाटकापर्यंत आला. म्हणाला, लवकर उरका काका. पप्पांच्या मागे आम्हा सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि एक बहीण परदेशात आहे.

९ ऑगस्ट
डहाणूला वकिलांकडे खरेदीखताचा मसुदा. विकणार बाबूभाई, घेणार मी आणि मीनल. सु. नाही. विचारलं, तिचं नाव? तरुण आहेत, समजावून बोलले. मयत माणसाच्या नावावर खरेदी होत नाही. सातबाऱ्यावर आता त्यांचं नाव येणार नाही, काका.
पुढचं बोलणं नीट ऐकलं नाही.
संध्याकाळी रेल्वेच्या फाटकवाल्याशी कारण नसताना वाद घातला.

१४ ऑगस्ट
परत गेलो वकिलांकडे. एवढंच विचारलं, आत कुठे लिहिता येईल का. म्हणाले, हो, हकिकतीत येईल. "साठेखत मयत सुनंदा जयंत यांचे लाभात होते, त्यांचे वारस म्हणून..." फेरफार नोंदीतही तेवढं येऊ शकेल.
मयत हा शब्द नको होता. पण त्याशिवाय चालत नाही.

४ सप्टेंबर
मसुदा बाबूभाईंना वाचून दाखवला. चष्मा नको म्हणाले, वाचा. शेवटी म्हणाले, "टेपचा नाय लिहिला?"
जिग्नेशही हसला. मीसुद्धा, बऱ्याच दिवसांनी.
पण रजिस्ट्रार कचेरीच्या पायऱ्या त्यांना चढवणार नाहीत. जिग्नेशच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करायचं म्हटलं, तरी त्यालाही सही तिथेच. वकील म्हणतात, आजारी माणसाकडे अधिकारी घरी येतात, अर्ज करावा लागतो. केला. डॉक्टरचा दाखला जोडला.

२१ सप्टेंबर
घट बसले. आपल्याकडे बसवले नाहीत. वर्ष आहे.
अर्जाचं उत्तर नाही.

९ ऑक्टोबर
कचेरीत गेलो. मंजूर. दिवाळीच्या सुट्टीनंतर येतील. बोर्डीला फोन केला, बाबूभाईंनीच घेतला. "तवर मी नाय जात कुठे."

१६ ऑक्टोबर, सोमवार
जिग्नेशचा फोन. बाबूभाईंना काल वलसाडला दवाखान्यात हलवलं. ऑक्सिजन. शुद्धीत आहेत, बोलत नाहीत. "काका, तुमच्या कामाचं..." म्हणाला. मी म्हटलं, कामाचं आत्ता राहू दे.
फोन ठेवल्यावर पहिला विचार कामाचाच आला. दुसरा त्यांचा.

१८ ऑक्टोबर
वलसाडला जाऊन आलो. लांबून पाहिलं. ओळखलं असावं, हात थोडा हलला. जिग्नेश म्हणाला, इथे गुजरातेत आपला अधिकारी येणार नाही. घरी आणलं तरच. आणतील का, डॉक्टर सांगत नाहीत.
त्यांची बायको डबा उघडून बसली होती. मला म्हणाली, "बेन असती तर आली असती." तिला कळलेलं नसावं, की विसरली. मी हो म्हटलं.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
मीनल परवा येणार. यंदा पूजा नाही. तरी कागद कपाटातून काढला. हळदकुंकू लावलं नाही. सही व्हायची आहे, म्हणून सध्याच्या कागदांबरोबर पिशवीत ठेवला.
दुपारी आशागड. दिवाळीआधी सु. प्लॉटच्या चारही हद्दीच्या दगडांना चुना लावायची. गवत कमरेएवढं. कोयत्याने वाट केली. तीन दगड सापडले, चौथा दिसेना. ती न बघता जायची त्याच्यापाशी.
तिघांना चुना लावला. उरलेला डब्यात झाकून ठेवला आणि चौथ्या कोपऱ्याचं गवत कापत बसलो.