पिंपावरचा दगड

घाटकोपर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सहदेव,

अनेक आशीर्वाद. काजूला मोहोर धरला का? माझ्या गुडघ्यांची कुरकुर चालूच आहे. पण आज रडगाणं नाही, मिरवायला बसले आहे.

तुझा दगड फुटला रे. आणि तू जिंकलास.

तोच, चौदाव्या वर्षी तू खाणीतून पाठीवर आणलेला. वाजवून वाजवून सांगायचास, आत पोकळ आहे. आप्पांची कांदिवलीच्या त्या खाणीत बत्तीस वर्षं गेलेली. त्यांनी हातोडीचा एक टोला मारून ‘भरीव आहे’ म्हटलं आणि विषय संपला. मग आईने तो पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवला.

गेल्या महिन्यात आपलं ते जुनं घर पाडायला घेतलं, तेव्हा मुकादम त्याला ढिगात ढकलत होता. माझी लेक दिशा भूशास्त्र शिकते ना, तिने टकटक केलं आणि रिक्षात घालून पवईला तिच्या सरांकडे नेला. करवतीला पाणी लागतं, त्याने आतलं नासेल, म्हणून सरांनी यंत्राने दाबून फोडला. काळ्या दगडात पांढरेशुभ्र, लुसलुशीत गोळे, सशाच्या पिल्लांसारखे. चांगले अकरा! ओकेनाइट म्हणतात. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळीत तयार होतं, फार थोड्या ठिकाणी मिळतं.

सरांनी विचारलं, “काकू, हा कोणाला सापडला?”

“माझ्या भावाला,” मी म्हटलं. “आमचे आप्पा नाही म्हणत होते तरी.”

सर म्हणाले, हात लावू नका, केसाहून बारीक तंतू आहेत, एकदा मोडले की परत उभे राहत नाहीत. ते मला सांगायची गरज नव्हती.

आप्पांना खाणीत मिळालेला, त्यांनी कपाटात जपलेला असाच एक गोळा आठवतो? तो त्या दिवाळीच्या साफसफाईत मी धुतला, सहदेव. मळलाय वाटून, साबणाच्या पाण्याने, दात घासायच्या ब्रशने. पार चिकटून गेला. आप्पांनी तुझ्यावर हात टाकला, कारण तूच सारखा त्याच्याभोवती असायचास. मी ओला ब्रश पाठीमागे धरून उभी होते. त्याच आठवड्यात तू मामाकडे गावी गेलास तो पाहुण्यासारखाच परत आलास. आप्पा गेले, तरी माझं तोंड उघडलं नाही.

काल पवईलाच भरलेल्या प्रदर्शनात तुझा दगड काचेत ठेवला. पाटीवर मराठीत लिहून घेतलंय: शोधणारा, सहदेव धोंडू राणे. लोक वाकून वाचतात. मी दिवसभर तिथेच उभी होते, छाती फुगवून.

पुढच्या रविवारपर्यंत आहे. ये. चारचौघांत मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

‘ताई’ लिहायला हात धजत नाही. ते तू म्हणशील तेव्हा.

रत्नप्रभा