कारवीचं सातवं वर्ष

बाबा,

कारवी फुलली. सिद्धगडाची आपल्या बाजूची सगळी उतरण निळी-जांभळी झाली आहे, असं जंगलखात्याच्या राखणदाराने धसईच्या बाजारात सांगितलं, आणि गेल्या रविवारी आईने मला अंगणात उभं करून बोटाने दाखवलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी इतकी वर्षं हेच करत आले आहे: काय घडलं ते आधी, कोणी सांगितलं ते नंतर, आणि कोणाला काय वाटलं ते जागा उरली तर. आज कागद माझा आहे, जागा आहे. तेव्हा पुढचं लिहिते. मागच्या फुलण्यानंतरचं हे आठवं वर्ष आहे. सातव्या वर्षी डोंगर हिरवाच राहिला होता, तुमच्या वेळी राहिला होता तसाच.

माझी पहिली कारवी मी तुमच्या खांद्यावर बसून पाहिली होती. तुम्ही मिशनचे प्रचारक. मुरबाडपासून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत पायी फिरायचे आणि वाटेत जे दिसेल त्याचं प्रवचन करायचे. सुगरणीच्या खोप्याचं तोंड खाली का, खेकडा बिळावर मातीचं झाकण का लावतो, सागाच्या पानावरून पाणी कसं वाहून जातं, सगळ्याचं उत्तर एकच. नाचणीचं कणीस माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणाला होता, "बघ, मूठ मिटलेली आहे. दाणा आपल्या हाती पडेपर्यंत सांडू नये म्हणून निर्माणकर्त्याने ती अशी केली." मी मूठ मिटून ते कणीस घरापर्यंत आणलं. तुमच्या सगळ्या उत्तरांत मला अजून ते एक आवडतं. त्याचा राग येतो, पण आवडतं.

त्या दिवशी डोंगरावर तुम्ही मला सांगितलं की कारवी सहा वर्षं गप्प राहते आणि सातव्या वर्षी फुलते. आणि शास्त्रातही जमिनीला सातव्या वर्षी विसावा सांगितला आहे. एकाच हाताने दोन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट, असं तुम्ही म्हणालात. मला ते फार सुंदर वाटलं. सुंदर वाटायला माझं काही जात नव्हतं.

मग ते सातवं वर्ष आलं. मी चौदाची, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. चैत्र संपत आला तरी तुम्ही राब भाजायला पाला-शेण गोळा केलं नाही. रोपाची जागा भाजली नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर लावणी नाही, हे धाकट्यालाही कळत होतं. आई चुलीपुढे बसलेली आहे, भाकरी तव्यावर आहे आणि ती तुमच्याकडे न बघता विचारते आहे, "अवो, राब कवा भाजनार?"

"या वर्षी नाही. या वर्षी जमीन विसावा घेईल."

"जमीन आपली हाय व्हय विसावा द्याया? शेठची हाय ती. आन् पोरं काय खातील?"

"गेली सहा वर्षं कोणी खाऊ घातलं?"

"मी," आई म्हणाली. "मी घातलं. चिखलात कंबर मोडून."

तुम्ही हसलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. भाकरी करपली आणि आईने ती तुमच्याच ताटात वाढली.

मिशनच्या साहेबांनाही तुमचा बेत पटला नाही. तो नियम दुसऱ्या लोकांना, दुसऱ्या काळी सांगितला होता, असं त्यांनी तुम्हाला समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, साहेब इथे जन्मले नाहीत, त्यांनी कारवी पाहिलेली नाही. लावणीच्या दिवसांत शेजारच्या खाचरातला ठाकर बांधावर उभा राहून ओरडायचा, "मास्तर, तुमचा देव सातव्या दिशी निजला म्हनतात. तुमी तर वरीसभर निजताव. मंग ढेकळं कोन फोडील?" त्याची माणसं हसायची. तुम्हीही हसायचे आणि त्याला म्हणायचे, "भादव्यात वर बघ म्हणजे कळेल." साऱ्या गावाला तुम्ही हेच सांगून ठेवलं होतं. डोंगर तुमची साक्ष देणार होता.

भादवा आला. तुम्ही रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी अंगणात जाऊन वर बघत होता. डोंगर हिरवा होता. आश्विनात हिरवा होता. ठाकराने वर बघितलं की नाही मला ठाऊक नाही, पण त्याने पुन्हा थट्टा केली नाही, आणि ते जास्त लागलं. तुमचं तोंड मात्र पडलं नाही. तुम्ही आम्हाला खाचरात घेऊन गेलात. तिथे आपोआप देवभात उगवलं होतं, चांगलं कमरेएवढं, लांब कुसळांचं. "पाहिलंत? न पेरता," तुम्ही म्हणालात.

आईने विळा लावला आणि पहिल्याच मुठीचे दाणे चिखलात गळले. तिने विळा टाकून सूप धरलं आणि मी भाताची ताटं हळूच वाकवून झटकू लागले. तेव्हा ओंजळभर दाणे सुपात आणि बाकीचे पाण्यात. रानटी भात पिकलं की दाणा धरून ठेवत नाही, सोडून देतं. त्याला पुढच्या वर्षी तिथेच उगवायचं असतं. तिथे उभ्या उभ्या मला नाचणीची मूठ आठवली. बाबा, योजना नव्हती असं मी त्या दिवशी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. देवभाताची योजना अगदी पुरी होती. फक्त तिच्यात आपण नव्हतो.

दिवाळीनंतर शेठचा कारभारी आला, खाचराच्या बांधावरून एक फेरी मारली आणि जमीन काढून ठाकराला दिली. तुमच्या मिशनच्या पगारात चौघांचं पोट भरत नव्हतं. ते खाचर भरत होतं. ठाकर मान खाली घालून टोपलीभर नवे तांदूळ घेऊन आला. "मास्तर, मी नाय मागितली जमीन. त्यांनी दिली," म्हणाला. तुम्ही ते तांदूळ देवाने पाठवलेले म्हणून डोळे मिटून आभार मानलेत. आईने विचारलं, "त्यानं पाठवलं, का यानं आनलं?" तांदूळ संपले तेव्हा धाकट्याला लांबच्या बोर्डिंगात पाठवलं, कारण तिथे दोन वेळा जेवण होतं. वर्षभराने जाऊ आणि घेऊन येऊ असं तुम्ही आईला सांगितलं. आपण शहापूरला गेलो. आई गवताच्या वखारीत पेंढ्या बांधायला लागली. तिचे हात कापलेले असायचे आणि रात्रभर खोकला चालायचा.

पुढच्या पावसाळ्यात कारवी फुलली. मुरबाडकडून आलेल्या गाडीवानाने वखारीत सांगितलं. मला वाटलं, आता तरी तुम्ही खाली बसाल आणि बोलाल. तुम्ही पायताण घातलंत आणि चालत गेलात. आलात ते तिसऱ्या दिवशी, कारवीची फुललेली फांदी आईसाठी घेऊन. तुमचा चेहरा लग्नाहून आल्यासारखा होता. "चूक माझ्या मोजण्यात होती," तुम्ही म्हणालात, "त्याच्या करण्यात नाही." आईने फांदी घेतली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. ओली होती, नुसता धूर झाला. त्या धुरात आपण तिघं जेवलो, आणि तुम्ही कारवीवर मधमाश्या किती होत्या ते सांगत राहिलात. त्या जेवणात एकदा तुम्ही धाकट्याचं नाव घ्याल म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही घेतलं नाही.

धाकटा परत आला नाही. तिकडेच शिकला, तिकडेच नोकरीला लागला. तापाने तुम्ही गेलात तेव्हा तो मातीला आला होता. आईजवळ जाऊन म्हणाला, "बाई, तुम्ही बसा, मी बघतो." आई बसली. तुम्ही पेटीत होतात, म्हणून तुम्हाला ते ऐकावं लागलं नाही. मी ऐकलं.

आता आईकडचं. मामाने तिला काही वर्षांपूर्वी धसईला परत घरात घेतलं आणि दोन लहान खाचरं कसायला दिली. ती अजून प्रार्थना करते, पण डोळे उघडे ठेवून. तुमचं नाव निघालं की म्हणते, "शहाना मानूस व्हता, फकस्त मोजता येत नव्हतं." रविवारी तिने डोंगर दाखवला, मग मी तिच्याबरोबर शेतावर गेले. भात निसवलं होतं. दुसऱ्या खाचराचा ओहोळाकडचा कोपरा मात्र लावलेला नव्हता. आपल्या अंगणाएवढा तुकडा, आणि त्यात लांब कुसळांचं रानटी भात उभं.

"हे काय गो?" मी विचारलं.

"तिकडं चिखल लय झालेला. रोप पुरलं नाय."

बांधावर रोपाच्या उरलेल्या मुठी वाळून पडलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं.

"सात नाय, आठ," ती म्हणाली. "मी तवापासून मोजते." आणि पुढे चालू लागली.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तिने केलं आहे असंही मला वाटत नाही. तिला विचारलं तर ती चिखलच सांगेल. हे पत्र कचेरीतल्या खणात राहील, छापायच्या कागदांत मिसळू नये म्हणून सगळ्यांत खाली. आईच्या अंदाजाने कोपऱ्यातलं देवभात दिवाळीच्या सुमारास पिकेल आणि पिकलं की दोन दिवसांत गळून जाईल. एकीने ताट वाकवायचं, एकीने खाली सूप धरायचं. एकटीने होत नाही. मी त्या आठवड्याची रजा मागितली आहे. संपादकांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरची कापणी आहे.