कऱ्हा कोण धरणार

सोम. ३ फेब्रु.
ट्रेनिंगला असताना मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, "ड्रेसिंग झालं की लगेच बॅग उचलू नका. पेशंटला विचारा, आता कुठं जायचंय?"
आज निमोण्यात सुनंदाला विचारलं. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून कमरेखाली जाणीव नाही. चाकाच्या खुर्चीत बसून बसून झालेली जखम आता भरत आलीय. वाटलं, शिरूरच्या बाजारात म्हणेल. म्हणाली, "पल्लवीच्या मागं. करवली मी हाय."
धाकट्या बहिणीचं लग्न तेवीसला! घरी येईपर्यंत गाडीवर एकटीच हसत होते.

शुक्र. ७
सुनंदाच्या घरात तिच्या आत्यांचा शब्द चालतो. ऐकूनच घेईनात. "करवली कऱ्हा घिऊन नवरीच्या मागं उभी ऱ्हाती. ही कशी उभी ऱ्हाणार, सिस्टर?"
सुनंदा : "उभ्यानं तुमीच दमता, आत्या. मी खुर्ची घरनंच आणतीया."
पल्लवी ओढणीत तोंड खुपसून हसली. आत्या नाही. "लोक बगत्यात गं. मालक गेल्यापासनं मीबी मंडपात मागंच बसती की."


बुध. १२
जखमेभोवती पुन्हा लाल! आत्यांनी मायेनं खाली स्कूटरची ट्यूब फुगवून ठेवलेली, मऊ लागावं म्हणून. तिच्या कडेनं उलट रक्त अडतं. ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा उतरला. "मीच केलं व्हय हे?"
ट्यूब काढली. बसणं बंद, पालथं झोपायचं. पुन्हा बसायला लागल्यावर हातांवर जोर देऊन अधूनमधून अंग उचलायचं. ती आठवण करून द्यायचं काम आत्यांकडे दिलं. लग्नापर्यंत भरू दे. भरू दे.

मंगळ. १८
लाली गेली! गेली!!
अंगणात तालीम. सुनंदाच्या मांडीवर पाण्यानं भरलेला कऱ्हा, पल्लवी खुर्ची ढकलतेय, दोघी खिदळतायत. पाणी सांडलं नाही. आत्या ओट्यावरून ओरडल्या, "ए, अंग उचल! येळ झाला!" पण उचलायला दोन्ही हात लागतात. मग कऱ्हा कोण धरणार? आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. आत्याच खाली उतरल्या, कऱ्हा धरला, ती टेकल्यावर परत मांडीवर ठेवला.
निघताना गाडी सुरू करून पुन्हा बंद केली. नाहीच म्हणतील, माहीत होतं. तरी म्हटलं, "आत्या, तेवीसला हिनं अंग उचललं की कऱ्हा धरायला... मंडपात पुढं, हिच्या शेजारी, तुम्ही उभ्या राहाल?"