बरणीतले अडतीस शिक्के

मी, क्वाक मल-सुन, वय वर्षे त्र्याहत्तर, कै. मा गिल-सोप यांची पत्नी, राहणार सांदल टेकडी, वोल्चॉन शहर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय आणि औषधाच्या गुंगीशिवाय हे कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं आहे. शाळेत मी दोनच वर्षं गेले. बाकीचं वाचन नवऱ्याने रस्ता झाडताना कचऱ्यातून उचलून आणलेल्या पुस्तकांवर झालं. त्यातल्या पुष्कळ पुस्तकांना शेवटची पानं नव्हती. माझ्या वाक्यांत चूक निघाली तर समजून घ्यावी.

घर आणि पैसे यांची वाटणी चार ओळींत होईल. मी हे लिहिते आहे ते माझे दीर मा इन-सोप यांच्यासाठी. पंचवीस वर्षं हे शहर त्यांना चोर म्हणतं. ते चोर नाहीत. कलम सहा वाचून होईपर्यंत कोणी उठून जाऊ नये.

कलम १. टेकडीवरचं दोन खोल्यांचं घर माझी मुलगी मा ह्ये-गंग हिला. ती राजधानीत राहते, तेव्हा विकेल. विकावंच. मागच्या ओट्यावर फरशी फुटलेली आहे, तिथे महापालिकेच्या माणसांनी माझ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या सातही बरण्या लोखंडी कांबीने फोडल्या होत्या. फरशी मी मुद्दाम बदलली नाही. घेणाऱ्याने विचारलं तर हेच सांगावं, बर्फाने फुटली म्हणू नये.

कलम २. पोस्टातल्या पैशांतून माझा अंत्यविधी करावा आणि उरतील ते मुलीने ठेवावेत. आलेल्यांना गोमांसाचं तिखट रस्सापाणी पोटभर वाढावं, सोजूची दारू मोजून देऊ नये. महापालिकेचं पुष्पचक्र आलं तर दारातच मोडावं. नवऱ्याच्या वेळी कर्मचारी विभागाचे प्यो साहेब स्वतः पुष्पचक्र घेऊन आले होते. "वहिनी, फार वाईट झालं," असं म्हणाले. त्याच पुष्पचक्राची बांबूची तिवई मी त्यांच्या तोंडावर हाणली. भुवईला टाके पडले. ते आता हयात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं कलम करत नाही.

कलम ३. पुस्तकं युनियनच्या खोलीत द्यावीत, फाटकीसुद्धा.

कलम ४. किमचीचं लोणचं घालायची तपकिरी बरणी, जिचा काठ फुटून चिकटवलेला आहे, तिच्याबद्दल.

१९९९ साली, देशावर कर्जाचं संकट कोसळलं त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, महापालिकेने रस्ते झाडायचं काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. अडतीस सफाई कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे छापील अर्ज वाटले. अर्जावर सहीच्या जागी नावाचा शिक्का उमटला की माणूस संपला. एकेकाला केबिनमध्ये घ्यायचे, दाराला आतून कडी लावायचे आणि शिक्का मारेपर्यंत सोडायचे नाहीत. ओ चांग-बे यांचं बोट ड्रॉवरमध्ये चेपलं ते तिथेच. म्हणून युनियनचे अध्यक्ष नाम दोक-चुल यांनी सगळ्यांचे शिक्के गोळा करून माझ्या रिकाम्या बरणीत टाकले. खिशात शिक्काच नसेल तर बोट चेपून काय मिळणार? बरणी महापालिकेसमोरच्या आमच्या धरण्याच्या तंबूत, माझ्या चुलीशेजारी राहिली. नियम एकच होता. शिक्का बाहेर काढायचा तर तीन माणसांसमोर.

सत्तावीस दिवस कोणी शिक्का मागितला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी महापालिकेच्या गच्चीवरचा कर्णा बोलू लागला. "श्री. मा इन-सोप यांनी शहराच्या हिताचा विचार करून स्वेच्छानिवृत्ती स्वीकारली आहे. त्यांचं अभिनंदन." तीनदा बोलला.

भाऊजी स्वतःच तंबूत आले. माझ्या नवऱ्याने त्यांची गचांडी धरली.

"शिक्का कुठून आला तुझ्याकडे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुळा चिरत होते.

"चोरला," ते म्हणाले.

"तुझी वहिनी दिवसभर इथे बसलेली असते. चोरलास कसा?"

"त्या पाण्याला गेल्या होत्या."

नवऱ्याने झाडूचा दांडा त्यांच्या पाठीत घातला. तो मोडला तेव्हा दुसरा घेतला. भाऊजींनी हात वर केला नाही. कानातून रक्त आलं. नाम दोक-चुल बाजूला उभे राहून म्हणत होते, "मार, गिल-सोप, पण डोकं सोड. रिकाम्या मडक्यावर दांडा कशाला वाया घालवतोस?" लोक हसले. मग नवऱ्याने भावाच्या मुठीतून शिक्का उपसून काढला आणि बरणीत टाकला. म्हणाला, "नाव इथे राहील. तू चालता हो."

संध्याकाळपर्यंत आणखी अकरा जणांनी शिक्के परत मागितले. एकटा कोणी जात नसतो तोवर कोणी जात नाही, एक गेला की पायवाट होते. त्या अकरांना नियमाप्रमाणे तिघांसमोर दिले. सव्वीस माणसं उरली.

ही बरणी कोणाला ते कलम सातमध्ये आहे.

कलम ५. मोठा हंडा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता भाड्याची माणसं आली, चाळीसेक असतील. काळी जाकिटं, डोक्याला शिरस्त्राणं, हातात लोखंडी नळ्या. अडतीस माणसं असती तर ती आली नसती. आदल्या दिवशी बारा कमी झाली, हे वर खिडकीतून मोजलं गेलं होतं. आधी त्यांनी आग विझवायची पांढरी पूड फवारली. काही दिसेना. मग कापड फाटल्याचे आणि हाडं मोडल्याचे आवाज आले. सोक प्योंग-मान यांचा गुडघा माझ्यासमोर उलटा वळला. माझा नवरा तंबूचा मधला खांब दोन्ही हातांनी धरून उभा होता, म्हणून त्याला डोकं झाकता आलं नाही. नळी मागून बसली. साचलेल्या पाण्यावरच्या पातळ बर्फावर पाय पडला की होतो, तसा आवाज झाला. तो खांब न सोडता खाली घसरत गेला.

हंड्यात कोबीच्या पानांचं रस्सापाणी उकळत होतं. मी हंडा दोन्ही कान धरून उचलला आणि सगळ्यात जवळच्या माणसावर उपडा केला. त्याने हातमोजा ओढून काढला तेव्हा हाताची कातडी बरोबर आली. तो आईला हाका मारत होता. नळी मारणारा तोच होता की दुसरा, मला माहीत नाही. मारणारा कधीच सापडला नाही.

नवरा एकोणीस दिवस जगला, शुद्धीवर आला नाही. खटला चालला तो माझ्यावर. न्यायाधीशांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" मी म्हणाले, "सव्वीस माणसांचं जेवण वाया गेलं, त्याचा होतो." तेव्हा तसं बोलले. त्या माणसाच्या हाका अजून ऐकू येतात, हेही इथे लिहून ठेवते. पण तो हंडा मी पुन्हा उचलेन.

ठेकेदाराने या हिवाळ्यात नऊ बायकांना कामावरून काढलं आहे आणि त्या महापालिकेसमोर बसल्या आहेत. हंडा त्यांना. कान घट्ट आहेत.

कलम ६. आता खरं.

कर्णा बोलला त्याच्या आदल्या दुपारी सगळे मोर्चाला गेले होते. मी तंबूत एकटी होते. इन-सोप भाऊजी आले. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन पैशांवाचून अडलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"वहिनी, माझा शिक्का तेवढा द्या."

"कशाला?"

"घराच्या भाडेकरारावर मारायचाय."

"तुमचा करार तर शरदात असतो, भाऊजी. आता मार्च चाललाय."

ते पायाने माती उकरत राहिले. म्हणजे मला कळलं. ऐकणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: मी फसले नाही, मला कळलं होतं. मी बरणीत हात घातला, शिक्के एकेक करून वाचले. शिक्क्यावर नाव उलटं असतं, पण मला सवय झाली होती. त्यांचा सापडल्यावर त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "मी पाण्याला जाते."

का दिला? सत्तावीस दिवस माझा नवरा थंडीत जमिनीवर झोपत होता. मला वाटलं, धाकट्याने शिक्का मारला की थोरल्यालाही वाट मिळेल. तो रागावेल, शिव्या देईल आणि मग घरी येईल. मला तो घरी हवा होता, जेवणाला नावं ठेवायला, घोरायला. मी त्याला ओळखायला हवं होतं.

भाऊजींनी "चोरला" म्हटलं तेव्हा मी एक शब्द बोलायचा होता. मी मुळा चिरत राहिले. दांडा मोडला तेव्हाही चिरतच होते. सगळा मुळा चिरून झाला होता, तरी सुरी चालू होती.

अंत्यविधीला नाम दोक-चुल यांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. तीन दिवस ते बाहेर गारठ्यात उभे राहून येणाऱ्यांचे जोडे सरळ लावत होते. लोक त्यांच्या पायाशी थुंकत होते. पुढे त्यांनी चपला दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याची काच तीनदा फुटली. बायकोही चार वर्षांनी गेलीच.

एकदा मी त्या दुकानात गेले. म्हणाले, "भाऊजी, मी सगळ्यांना सांगून टाकते."

ते चपलेला टाका घालत होते. "सांगून काय, दादा उठून येणार आहे? मला चोर म्हणून घ्यायची सवय झालीय. तुम्हाला लोक नवऱ्याला मारणारी म्हणतील. ते तुम्हाला पेलायचं नाही, वहिनी."

मग माझ्या पायाकडे पाहून म्हणाले, "टाच झिजलीय तुमची. काढा इकडे."

मी टाच लावून घेतली आणि घरी आले. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते मानलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तर लोकांनी जे म्हणायचं ते मला म्हणावं. पेलतं की नाही, ते बघायला मी फार दिवस असणार नाही.

कलम ७. दर वर्षी मार्चमध्ये युनियनच्या खोलीत नवऱ्याचा स्मृतिदिन होतो. यंदा तिथे कलम चार ते सहा मोठ्याने वाचावीत. वाचन नाम दोक-चुल यांनी करावं, रिकाम्या मडक्याच्या वाक्यासकट. नवऱ्याच्या श्राद्धात दारूचा पहिला पेला यापुढे त्याच्या भावाने ओतावा.

बरणीतले शिक्के ज्याचे त्याने वर्षानुवर्षं येऊन नेले. दोन उरले आहेत. मा गिल-सोप हा शिक्का माझ्या राखेच्या कुंभात ठेवावा. बरणी आणि मा इन-सोप हा शिक्का मा इन-सोप यांचा.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. बरणीतून शिक्का काढायला तीन लागतात. म्हणून आज दुपारी तिघांना घरी बोलावलं, हे कागद त्यांना वाचायला दिले आणि भाऊजींनाही बोलावून घेतलं. नाम दोक-चुल यांनी कलम सहा दोनदा वाचलं. नंतर ते बाहेर जाऊन भाऊजींचे जोडे सरळ लावून आले.

ठिकाण: सांदल टेकडी, वोल्चॉन
दिनांक: २६ फेब्रुवारी २०२४
क्वाक मल-सुन (शिक्का)

आमच्यासमोर लिहून पुरं झालं आणि आमच्यासमोर बरणी उघडली:
१. नाम दोक-चुल (शिक्का)
२. ओ चांग-बे (शिक्का)
३. सोक प्योंग-मान (शिक्का)

माझा शिक्का तिघांसमोर मिळाला:
मा इन-सोप (शिक्का)