पांढरे रुमाल

२० ऑगस्ट २०२०, गुरुवार

आज नव्या डेपोत हजर झाले. पाच महिन्यांनी खाकी चढवली तर कमरेत घट्ट. प्रतिक्षा म्हणाली, आई, लॉकडाऊन मानवलाय तुला.

बदली मीच मागून घेतली. लेक जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकते आणि एप्रिलपासून कोविड वॉर्डात आहे. एकोणीस वर्षांची पोर. ती इथे आणि मी नांदेडात, हे सोसवत नव्हतं. आता सेनगावात शालूबाईंच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. सकाळी सातला माझी गाडी सेनगावहून हिंगोलीला निघते, तीच प्रतिक्षाला नेते आणि संध्याकाळी पाचच्या फेरीने परत आणते. तिचे बाबा गेल्यापासून इतकं निवांत वाटलं नव्हतं. दिवसातून दोन तास तरी लेक डोळ्यांसमोर असणार.

गाडी कोरी आहे. डेपोतल्या चार जुन्या गाड्या भंगारात काढून त्यांच्या जागी ही आली. सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. काचा एका बोटाने सरकतात. दाराशी सॅनिटायझरची बाटली तारेने बांधली आहे. ड्रायव्हर भीमसिंगभाऊंना निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. नारळ फोडून झाल्यावर म्हणाले, ताई, हिचा पत्राबी वाजत न्हाई, आता प्यासेंजरसंगं कंडक्टरबी झोपंल बघा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय. खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला, मास्कमधून का होईना.

२४ ऑगस्ट, सोमवार

चव्वेचाळीस जागांच्या गाडीत बावीसच माणसं बसवायची असा नियम आहे. एक सीट सोडून एक. रिकाम्या ठेवायच्या सीटांवर डेपोने लाल फुलीचे कागद चिकटवले होते, पण प्रत्येक फेरीनंतर औषधाने गाडी पुसली की ते निघून येतात. मग लोक खुशाल खेटून बसतात आणि काही म्हटलं की म्हणतात, कागद कुठंय, ताई?

काल रविवारी एक युक्ती सुचली. आपल्याकडे गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात, उपरणं टाकतात. रुमाल पडला की ती जागा धरली. तिथे मग आमदारही बसायचा नाही. विहारात वंदनेला नेसायची माझी जुनी पांढरी सुती साडी होती, तिचे बावीस तुकडे केले. प्रतिक्षाने कडा शिवून दिल्या. आज सकाळी एकेका सीटवर एकेक ठेवला. एकही माणूस त्यावर बसला नाही! डेपोचे साहेबसुद्धा खूश झाले.

भीमसिंगभाऊंना मात्र ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, जागा कोणासाठी धरली हे तोंडाने सांगावं लागतं, न सांगता धरली तर कोणीबी येऊन बसंल. मी म्हटलं, भाऊ, येऊ द्या की, तिकीट फाडू. आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या डोक्यातली भुतंच काढली.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

एक गंमत लक्षात आली. लोक आता रुमालाकडे पाठ करून, अंग चोरून बसतात. काल एका म्हाताऱ्याने रिकाम्या सीटसमोरून जाताना पाय लागला म्हणून हात छातीला लावला.

कमलबाई भाजीवाल्या रोज डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीपाशी बसतात. तोंडाच्या फटकळ, पण मनाने चांगल्या. आज त्यांनी वांग्याची पाटी शेजारच्या रुमालाच्या सीटवर ठेवली आणि लगेच उचलून मांडीवर घेतली. काहून उचलली म्हणून विचारलं तर त्यांनाच सांगता येईना. अडचण होऊन राहिली असंल, एवढंच म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या.

अंतर पाळायची सवय लागली, असं मी समजते. चांगलंच आहे.

२ सप्टेंबर, बुधवार

डेपोत गाडी लावल्यावर भीमसिंगभाऊ बोलले. चढावर गाडी दुसऱ्या गियरशिवाय ओढत नाही. बावीस माणसांत असं होत नाही, ताई. तीस वर्षं झाली गाडी हाकून, भरलेली गाडी मला बुडाखाली कळती.

गाडी नवी आहे, इंजिन रुळायला वेळ लागतो, असं मी म्हटलं.

पुसायला आत गेले तर रुमालांच्या सीटांवरचं प्लास्टिक दबलेलं. माणूस नुकतंच उठून गेल्यावर दबतं तसं. बघता बघता ते हळूहळू वर आलं. रुमाल उचलला. ऊन नव्हतं त्या बाजूला, तरी कोमट होता.

प्रतिक्षाला सांगितलं नाही. आठ आठ तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात उभी राहून येते पोर.

५ सप्टेंबर, शनिवार

कमलबाईंच्या रोजच्या जागेवर रुमाल होता. ती जागा बसायची आहे, तिथे मी रुमाल ठेवलेला नाही. माझे बावीस मोजले, सगळे जागच्या जागी. हा तेविसावा. साडी तीच, काठावरचा टाकाही प्रतिक्षाचाच.

मी पुढे होऊन उचलणार तोवर कमलबाई येऊन बसल्यासुद्धा. मोठ्याने म्हणाल्या, आमच्या मालकानं जलमभर कदी माह्यासाठी जागा धरली न्हाई, हा कोन शहाणा धरून राहिला! सगळी गाडी हसली. मग डोळे पुसले त्यांनी. त्यांचे मालक हरिचंद जुलैत प्रतिक्षाच्याच वॉर्डात गेले. तोंडही बघायला मिळालं नाही.

खाली उतरताना कमलबाई म्हणाल्या, आज शेजारी कोणी बसलं होतं का गं ताई? बराबर त्याच्या बिडीचा वास आला.

१४ सप्टेंबर, सोमवार

कमलबाई गेल्या. मंगळवारी ताप आला, गुरुवारी भरती केलं, काल दुपारी संपलं. प्रतिक्षा शेवटपर्यंत जवळ होती.

जेवताना लेक रडली. मग बोलत सुटली. वॉर्डात माणसं एकटी मरतात, आई. घरचं कोणी नाही, तोंडं झाकलेली. सगळ्यांना एकच हवं असतं, घरी जायचं. मग मी सांगते, काका, बरे व्हा, माझ्या आईची नवी गाडी आहे, तिच्यातून घरी जाल. मी जागा धरून ठेवते तुमच्यासाठी. त्यावर ते हसतात गं. काहींनी तर माझा हात धरून गावाचं नाव सांगितलं, थांबा कुठे आहे तेही सांगितलं. हरिचंद काकांनाही सांगितलं होतं, तेव्हा तुझी बदली व्हायची होती तरी, आई गाडी घेऊन येतेच आहे म्हणून.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. भीमसिंगभाऊ म्हणाले होते, कोणासाठी ते तोंडाने सांगावं लागतं. मी न सांगता जागा धरत होते, आणि ती रोज सांगत होती.

तिला ओरडणार होते. कसं ओरडू? दुसरं काय सांगायला हवं होतं तिने?

१६ सप्टेंबर, बुधवार

आज मी घाबरले नाही. गाडीत उभी राहून त्या बावीस जागांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बसा. घरी जायचंय ना, या. माणसंच आहेत ती.

पण ती उतरत नाहीत. प्रत्येक थांब्यावर दार उघडं ठेवून थांबले. गावं येतात, जातात. गावात आता त्यांची कोणी वाट बघत नसेल. किंवा एकट्याने उतरायचं नसेल. आपलं माणूस सोबत हवं असेल.

कमलबाईंची जागाही दबलेली आहे. आणि तिच्या शेजारची.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आदेश आला. आजपासून पूर्ण गाडी भरायची. मी जीव मुठीत धरून रुमाल गोळा केले. बावीस ठेवले होते, निघाले एकतीस. शालूबाईंच्या चुलीत घातले. त्या विचारत होत्या, धुराला दवाखान्याचा वास काहून येऊन राहिला?

संध्याकाळी निम्मी गाडी रिकामी आणि तरी लोक दांडीला धरून उभे. बसा म्हटलं. एक जण वैतागून म्हणाला, ताई, जागा कुठंय?

१९ सप्टेंबर, शनिवार

दारातून चढताच दिसला. माझ्या सीटच्या शेजारी, प्रतिक्षा बसते तिथे. एकच रुमाल. घडी घालून, नीट, प्रेमाने ठेवलेला.

तिला हिंगोलीपर्यंत उभी ठेवली. चिडली. मी तिचं मनगट सोडलं नाही. रुमाल खिडकीतून फेकला, पुढच्या थांब्याला परत तिथेच. रुमाल आपण काढून फेकला तरी त्यांच्या लेखी काही बदलत नाही. जागा धरलेली असते.

त्यांना तिचं वाईट करायचं नाही. शेवटच्या घटकेला हात धरणारी ती एकटी होती. ती सगळ्यांची लेक झाली आहे. तिच्याशिवाय त्यांना—

माझी आहे ती. आधी माझी.

२० सप्टेंबर, रविवार

जाऊ नको म्हटलं. ऐकत नाही. म्हणते वॉर्डात माणसं वाट बघतात. खरं सांगितलं सगळं. कपाळाला हात लावून बघितला माझ्या, ताप आहे का म्हणून.

भीमसिंगभाऊंना विचारलं, धरलेली जागा कशी सोडवायची. ते म्हणाले, दुसऱ्यानं बसावं लागतं. भांडण झालं तरी उठायचं न्हाई.

२१ सप्टेंबर, सोमवार

बसले.

तिला माझ्या सीटवर बसवलं, पैशाची बॅग तिच्या गळ्यात अडकवली, आणि तिच्या जागेवर, त्या रुमालावर मी बसले. सगळ्या गाडीने एकदम माझ्याकडे बघितल्यासारखं झालं. मागून कोणीतरी हळूच चुकचुकलं. मी उठले नाही. हिंगोली येईपर्यंत उठले नाही. खाली उतरून बघितलं तर प्रतिक्षा दवाखान्याकडे चालली होती, तिची वेणी हलत होती, आणि दुसरा रुमाल कुठेच नव्हता.

वाचली.

२४ सप्टेंबर

चहाला वास नाही. अंग तापलंय. बरं झालं, मला आला, तिला नाही.

२७ सप्टेंबर

तिच्याच वॉर्डात. कोपऱ्यातला पलंग. पेन प्रतिक्षानेच दिलं. ती प्लास्टिकच्या पोशाखात, फक्त डोळे दिसतात. तिच्या बाबांसारखे.

श्वास पुरत नाही. लिहिते म्हणजे वेळ जातो. मी तिच्याकडून वचन घेतलं, गाडीत बसायचं नाही, काही झालं तरी, जीपने जा, चालत जा. हो म्हणाली. माझा हात धरून बसली.

मग म्हणाली, आई, बरी हो. आपल्या गाडीने घरी जाऊ. मी जागा—

तिचं तोंड दाबायला हात उचलू गेले. उचललाच गेला नाही.

तारीख माहीत नाही

गाडीत आहे. छान वाटतंय, श्वास लागत नाही. डाव्या बाजूला कमलबाई, पाटी मांडीवर. कोणी बोलत नाही. भीमसिंगभाऊंनी आज खाकीवर काळी फीत लावली आहे.

फाट्यावर प्रतिक्षा उभी. वचन दिलं होतंस ना गं, जीपने जाईन म्हणून. हातात माझी पिशवी, माझी खाकी घडी घालून. भाऊ, थांबवू नका — थांबवली.

चढली. डोळे सुजलेत. माझ्याकडे बघितलं, माझ्यातून पलीकडे बघितलं. भीमसिंगभाऊ तिला म्हणाले, बस लेकरा, कुठंबी बस.

सगळे सरकतायत. तिला जागा करून देत आहेत.

ती माझ्यापाशी आली. सीटवर हात फिरवला. माझ्याखालचा रुमाल तिला दिसला, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि रडत हसली. म्हणाली, आई, माझ्यासाठी धरलीस ना?

नाही गं, मी धरली नाही — मी उठते, मला उठता — प्रतिक्षा, बसू नको, ही जागा—