शिक्षा करणाऱ्याचं काय होतं

मालवण, ५ सप्टेंबर २००६

शिक्षकदिन. दिवसभर फाटक वाजलं नाही. फोन वाजला, धाकट्या बहिणीच्या मुलीचा, रीटाचा. ती संगणकात आपापल्या बुद्धीने वागणारे प्रोग्रॅम घडवते. त्या प्रोग्रॅमांचं संगणकातच एक खोटं ऑफिस, त्यांचे नियम. मोडणाऱ्याला इतरांनी शिक्षा करायची.

"पण मावशी, शिक्षा करतल्याचोच तोटो होता. मगे सगळे गप रवतत. तू कशी गो करी होतस?"

"नियम काय शोभेक असतत? घंटा झाली की शाळेचा फाटक बंद! मुख्याध्यापिका होतंय मी. उशिरा इली म्हणान तुझ्या आवशीकसुद्धा, माझ्या सख्ख्या भयणीक, भायर उभी केलंय."

"म्हणानच ती तुझ्याकडे येणा नाय!" रीटा हसली.

शहाणी! मला काय तोटा सांगते?

संध्याकाळी फाटक उघडंच ठेवलं. बहीण उशिरा आली तरी चालेल.